स्टुडंट व्हिसासाठी होम टाईज कशा दाखवायच्या: यादीपासून इंटरव्ह्यूपर्यंत सगळं

स्टुडंट व्हिसाच्या तयारीत सगळ्यात जास्त गोंधळ कशाचा होत असेल तर तो होम टाईजचा, म्हणजे शिक्षण संपल्यावर तुम्हाला मायदेशी परत आणतील अशा नात्यांचा आणि कारणांचा. ॲडमिशन लेटर असतं, फी भरलेली असते, बँकेत पैसे असतात, इंग्लिशच्या टेस्टचा स्कोअरही बरा असतो, आणि तरी नकाराच्या पत्रात ती ठरलेली ओळ येते की शिक्षण संपल्यावर तुम्ही परत जाल याची आम्हाला खात्री पटली नाही. मग घाबरून लोक घराचे कागद, जमिनीचे कागद, आजोबांच्या नावचा प्लॉट, दागिन्यांचं व्हॅल्युएशन असं मिळेल ते गोळा करतात, पुढच्या वेळी चांगली जाडजूड फाइल जोडतात आणि तीच ओळ परत येते. कारण ऑफिसरला तुमच्या घराण्याकडे काय काय आहे हे मोजायचंच नसतं, त्याला एवढंच बघायचं असतं की हा कोर्स संपल्यावर या माणसाला परत जाण्यात स्वतःचा फायदा दिसतोय का. त्यामुळे या लेखात कागद येतील पण जरा उशिरा येतील, आधी बाकीचं.

आधी बघा, तुम्ही जाताय तो देश नक्की काय विचारतो

हे कोणी करत नाही आणि गाडी इथूनच घसरते. सगळे देश होम टाईज सारख्याच वजनाने बघत नाहीत, त्यामुळे एका देशासाठी लिहिलेलं एसओपी (स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे मी हा कोर्स का करतोय हे सांगणारं पत्र) फक्त युनिव्हर्सिटीचं नाव बदलून दुसरीकडे टाकलं की ते लगेच कळतं.

अमेरिका या बाबतीत सगळ्यात कडक. तिथल्या इमिग्रेशन कायद्याचं कलम २१४(बी) सरळ म्हणतं की अर्जदार कायमचा राहायला येतोय असंच गृहीत धरायचं, आणि तसं नाहीये हे पटवून द्यायची जबाबदारी अर्जदाराची. एफ-१ व्हिसाच्या, म्हणजे तिथल्या स्टुडंट व्हिसाच्या, व्याख्येतच लिहिलंय की विद्यार्थ्याचं अमेरिकेबाहेर घर असलं पाहिजे आणि ते सोडून द्यायचा त्याचा इरादा नसला पाहिजे. एच-१बी वाल्यांना, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर जाणाऱ्यांना, ‘ड्युअल इंटेंट’ची सवलत आहे, म्हणजे आत्ता टेम्पररी आलोय पण पुढे कायमचं राहायचंही डोक्यात आहे असं त्यांना चालतं, एफ-१ ला ती सवलत नाही. तेव्हा अमेरिकेच्या इंटरव्ह्यूत ‘बघू, जमलं तर राहीन तिकडेच’ हे वाक्य तोंडातून गेलं की विषय संपला.

कॅनडाच्या नियमांत कलम २१६(१)(बी) आहे, परवानगीची मुदत संपेपर्यंत तुम्ही देश सोडाल हे ऑफिसरला पटलं पाहिजे. नकाराच्या पत्रात हाच नंबर दिसतो आणि सोबत बहुतेक वेळा ‘तुमची कॅनडातली आणि तुमच्या देशातली कौटुंबिक नाती बघता’ किंवा ‘तुमच्या भेटीचा उद्देश बघता’ असं कारण असतं. गंमत म्हणजे कॅनडाच्या कायद्यात ड्युअल इंटेंट मान्य आहे, कलम २२(२), म्हणजे पुढे पीआर (कायमचं राहायची परवानगी) घ्यायची इच्छा असणं हा गुन्हा नाही, फक्त ती मिळाली नाही तर मी मुदतीत निघून जाईन हे पटायला हवं. त्यामुळे कॅनडाच्या लेटरमधे ‘मला पीआर अजिबात नको, मी शपथेवर सांगतो’ असं ओरडून लिहायची काही गरज नसते, उलट ते खोटं वाटतं.

ऑस्ट्रेलियाने तर २३ मार्च २०२४ पासून पद्धतच बदलली. आधी ‘जेन्युइन टेम्पररी एंट्रंट’ (जीटीई) नावाचं स्टेटमेंट लिहावं लागायचं, आता त्याच्या जागी ‘जेन्युइन स्टुडंट’ आलंय. सबक्लास ५०० च्या, म्हणजे तिथल्या स्टुडंट व्हिसाच्या, ऑनलाइन फॉर्ममधेच प्रश्न असतात आणि प्रत्येक उत्तराला १५० शब्दांची मर्यादा. पहिल्याच प्रश्नात सध्याची परिस्थिती विचारतात, त्यात कुटुंब, समाज, नोकरी आणि आर्थिक बाजू यांच्याशी असलेले संबंध येतात. नंतर हाच कोर्स आणि हीच संस्था का, आणि या कोर्सचा तुम्हाला उपयोग काय. म्हणजे होम टाईज गेल्या नाहीत, त्या १५० शब्दांत बसवायच्या आहेत. जुने जीटीईचे नमुने अजून सगळीकडे फिरतायत, ते बघून कोणी तीन पानी पत्र लिहीत बसलं असेल तर थांबा.

ब्रिटनच्या स्टुडंट रूटवर भर असतो तो तुम्ही खरे विद्यार्थी आहात का यावर, त्यासाठी क्रेडिबिलिटी इंटरव्ह्यू, म्हणजे तुमचा खरेपणा तपासणारी मुलाखत, होऊ शकतो. पण तुम्ही सहा महिन्यांच्या आतल्या कोर्ससाठी व्हिजिटर व्हिसावर जात असाल तर तिथे मुदत संपल्यावर परत जाणार हे दाखवावंच लागतं. जर्मनीच्या नॅशनल स्टुडंट व्हिसात जास्त वजन पैशांना, ॲडमिशनला आणि मोटिव्हेशन लेटरला आहे. ब्लॉक्ड अकाउंटची (राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं, ज्यातून दर महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येते) रक्कम सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो आहे, आणि डिग्रीनंतर नोकरी शोधायला १८ महिने राहायची सोय कायद्यातच आहे, त्यामुळे तिथे ‘मी दुसऱ्याच दिवशी परत येईन’ असं लिहून काही जास्तीचं मिळत नाही. मात्र समर स्कूलसारख्या छोट्या कोर्ससाठी शेंगेन शॉर्ट स्टे व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून थोड्या दिवसांचा व्हिसा) घेत असाल तर तिथे परत जाण्याच्या इराद्याबद्दल शंका हे नकाराचं थेट कारण आहे, शेंगेन व्हिसा कोडच्या ३२ व्या कलमात लिहिलेलं.

तर पहिलं काम काय, तुम्ही जाताय त्या देशाच्या सरकारी वेबसाइटवरचं स्टुडंट व्हिसाचं पान उघडा, अटी स्वतः वाचा आणि ‘परत जाणे’ याबद्दल तिथे नेमकं काय वाक्य आहे ते उतरवून घ्या. एजंटने सांगितलेलं नको, यूट्यूबवरचं नको. नियम आणि रकमा दर वर्षी हलतात, त्यामुळे मी इथे दिलेले आकडेही अर्ज करायच्या आठवड्यात परत एकदा ताडून बघा.

मग वहीत दोन रकाने पाडा

एका बाजूला तुमच्या स्वतःच्या टाईज, दुसऱ्या बाजूला घरच्यांच्या. हा फरक लोक करत नाहीत. वडिलांचं घर ही वडिलांची टाय आहे. ते घर तुम्ही परत आलात काय आणि नाही आलात काय, वडिलांच्याच नावावर राहणार, तुम्ही परदेशात राहिलात म्हणून कोणी ते काढून घेत नाही, त्यामुळे ऑफिसरच्या नजरेतून त्या कागदाने तुम्हाला परत ओढून आणलं जात नाही. त्याचा उपयोग एवढाच की घरची परिस्थिती स्थिर आहे, पैशासाठी पळून जावं लागेल असं काही नाही.

तुमच्या स्वतःच्या बाजूला काय येऊ शकतं? नोकरी आणि त्यातली रजा किंवा परत घेण्याचं लेखी आश्वासन. घरचा धंदा, पण त्यात तुमचं खरोखर काम असेल तर, म्हणजे पार्टनर म्हणून नाव आहे, पगार घेता, एखादा विभाग तुम्ही बघता. नवरा, बायको, मुलं जी मागे राहणार आहेत. आईवडिलांपैकी कोणी तुमच्यावर अवलंबून असेल, किंवा एकुलते एक असाल आणि म्हातारपणाची जबाबदारी तुमच्यावरच असेल तर ते. प्रोफेशनल लायसन्स जे फक्त तुमच्याच देशात चालतं, उदाहरणार्थ वकिलीची सनद किंवा डॉक्टर, आर्किटेक्ट म्हणून रजिस्ट्रेशन, हे फार कमी लोक मांडतात आणि माझ्या मते ही फार ताकदीची गोष्ट आहे कारण ती दुसऱ्या देशात नेता येत नाही. आधी परदेशात जाऊन वेळेत परत आल्याचे पासपोर्टवरचे शिक्के. एखादी संस्था, टीम, रिसर्च ग्रुप ज्यात तुमची जागा आहे.

आता तुम्ही बावीस वर्षांचे, लग्न नाही, नोकरी नाही, नावावर एक सायकलसुद्धा नाही, तर तुमचा रकाना रिकामा दिसणार. घाबरू नका, बहुतेक विद्यार्थ्यांचा तसाच असतो आणि हे व्हिसा ऑफिसरांनाही माहीत असतं, बावीस वर्षांच्या मुलाकडे फ्लॅट आणि दोन मुलं असावीत अशी अपेक्षा कोणीच धरत नाही. अशा वेळी सगळं वजन पडतं पुढच्या प्लॅनवर.

परत येऊन काय करणार, हा खरा कणा

इथे जितका वेळ घालवाल तितका थोडा. जवळजवळ प्रत्येक एसओपीत एक वाक्य असतं, ‘शिक्षण पूर्ण करून मी माझ्या देशात परत येईन आणि देशाच्या प्रगतीला हातभार लावीन.’ या वाक्याचं मूल्य शून्य. ते कोणीही, कुठल्याही कोर्ससाठी लिहू शकतं. ऑफिसर दिवसभर असली पत्रं वाचत असतो, त्याच्या डोळ्याखालून ते वाक्य नुसतं घसरून जातं.

त्याऐवजी एक सलग साखळी दिसली पाहिजे: आत्तापर्यंत काय शिकलो किंवा काय काम केलं, त्यात कुठे अडलो, ती अडचण या कोर्समधल्या कुठल्या विषयांनी सुटते, आणि ते शिकून परत आल्यावर कुठली पोस्ट, कुठल्या प्रकारच्या कंपनीत, साधारण किती पगारावर. एक उदाहरण घेऊ, समजा कोणी सिव्हिल इंजिनिअर आहे, तीन वर्षं पाण्याच्या पाइपलाइनच्या कामावर आहे आणि वॉटर ट्रीटमेंटमधे मास्टर्स करायला चाललाय. त्याने असं लिहिलं की

‘मी सध्या पाणीपुरवठ्याच्या प्रोजेक्टवर साइट इंजिनिअर आहे. आमच्याकडे सांडपाणी शुद्धीकरणाचं डिझाइन बाहेरच्या सल्लागारांकडून करून घेतलं जातं कारण टीममधे ते येणारं कोणी नाही. या कोर्सच्या दुसऱ्या सेमिस्टरला मेंब्रेन प्रोसेस आणि प्लांट डिझाइन हे दोन विषय आहेत, मला तेच हवेत. परत आल्यावर मी डिझाइन इंजिनिअरच्या जागेसाठी पात्र होईन, अशा जागांच्या चार जाहिराती जोडल्या आहेत आणि त्यांत मास्टर्सची अट आहे.’

बघा, यात देशप्रेमाचा एक शब्द नाही, पण वाचणाऱ्याला कळतं की हा माणूस परत का येईल. आणि त्या चार जाहिराती! तुमच्या देशातल्या, तुमच्या क्षेत्रातल्या, आत्ताच्या तारखेच्या, ज्यात तुम्ही करताय त्याच डिग्रीची मागणी आहे. फुकट मिळणारा पुरावा आहे आणि जवळजवळ कोणीच जोडत नाही.

पगाराचा हिशोबही मांडा. कोर्सला एकूण किती खर्च, परत आल्यावर पगार साधारण किती वाढेल, किती वर्षांत पैसे वसूल. हा हिशोब जमत नसेल, म्हणजे खर्च प्रचंड आणि परत आल्यावर पगारात फरक नाममात्र, तर ऑफिसरही तोच हिशोब करतो आणि त्याचा निष्कर्ष असा निघतो की या माणसाला वसुली तिकडेच राहून करायची आहे. लोन मोठं असेल तर हे आणखी टोचतं. अशा वेळी हप्ता किती येईल, घरातून कोण भरेल आणि परत आल्यावर तुमच्या पगारातून कसा भरला जाईल हे आकड्यात लिहिलेलं बरं.

आणि ‘हा कोर्स माझ्या देशात का नाही’ या प्रश्नाचं उत्तर प्रामाणिक ठेवा. तुमच्या देशात तसा कोर्स असेल तर ‘इथे शिक्षणाचा दर्जा चांगला नाही’ असं ढोबळ लिहू नका. इथले दोन कोर्स नावानिशी घ्या, त्यांत काय नाही ते सांगा, लॅब नाही की ते स्पेशलायझेशन नाही की कालावधी वेगळा. यातून तुम्ही खरोखर शोधाशोध केलीत हे दिसतं. स्वतःच्या देशाची खूप निंदा केली तर परत येणार कशाला, हा प्रश्न तुम्हीच त्याच्या हातात दिलात.

आता कागद

प्रत्येक कागदाला एक प्रश्न विचारा, हा नेमकं काय सिद्ध करतो? उत्तर एका वाक्यात येत नसेल तर तो कागद बाहेर.

नोकरीचं पत्र कंपनीच्या लेटरहेडवर असावं, त्यात पद, जॉइनिंगची तारीख, पगार, रजा कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत मंजूर आणि परत आल्यावर कुठल्या पदावर घेणार, सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा आणि ऑफिसचा फोन. ‘हे आमचे चांगले कर्मचारी आहेत, त्यांना शुभेच्छा’ अशा पत्राचा उपयोग फ्रेम करायला. कंपनी रजा देत नसेल तर निदान एवढं पत्र मागा की अशी डिग्री असलेल्या माणसाची आम्हाला गरज आहे आणि परत आल्यास विचार करू. पण ऑफिसर फोन करून विचारू शकतो हे धरून चला, एचआरला आधी कल्पना देऊन ठेवा, नाहीतर तिकडून ‘असं कोणी नाही’ ऐकायला मिळायचं.

घरचा धंदा दाखवत असाल तर रजिस्ट्रेशन, टॅक्स रिटर्न, बँक स्टेटमेंट, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्यात तुमची जागा कुठे. बापाचा धंदा फर्निचरचा आणि मुलगा चाललाय डेटा सायन्स शिकायला, अशा वेळी ‘मी परत येऊन धंदा सांभाळणार’ हे जोडून दाखवावं लागतं, आपोआप जुळत नाही. जुळत नसेल तर धंद्याचा आधारच घेऊ नका, तो फक्त खर्च कोण करतोय यासाठी वापरा.

कुटुंबासाठी जन्मदाखले, लग्नाचा दाखला, आईवडील आजारी असतील तर डॉक्टरांचं पत्र आणि तुम्ही काय जबाबदारी घेता त्याचं साधं स्पष्टीकरण. इथे एक पेच आहे बरं का. आई फार आजारी आहे आणि मीच बघतो असं लिहिलं तर पुढचा प्रश्न येणार की मग दोन वर्षं कोण बघणार? त्याचं उत्तर त्याच परिच्छेदात असू द्या.

मालमत्ता तुमच्या नावावर असेल तर कागद जोडा, घरच्यांच्या नावावर असेल तर एक-दोन जोडा आणि थांबा. जागेच्या किमतीचा मोठा आकडा आणि बँकेत मात्र तुटपुंजी रक्कम असं दिसलं तर ते उलटच पडतं.

शपथपत्रं करून घ्यायची फार हौस असते, ‘मी परत येईन असं शपथेवर लिहून देतो.’ ज्या माणसाला परत यायचं नाहीये तोही हेच लिहून देईल, त्यामुळे स्टँपपेपरवर लिहिलं म्हणून त्याचं वजन वाढत नाही.

बारीक पण नडणाऱ्या गोष्टी: सगळ्या कागदांवर नावाचं स्पेलिंग पासपोर्टसारखं आहे का, नसेल तर नावबदलाचा किंवा एकच व्यक्ती असल्याचा दाखला. दुसऱ्या भाषेतल्या कागदांचं सर्टिफाइड भाषांतर. पत्रांच्या तारखा ताज्या. फाइलच्या सुरुवातीला एका पानाची अनुक्रमणिका, कुठला कागद कशासाठी. फाइल बघणाऱ्याकडे वेळ फार नसतो, आणि जे पहिल्या काही पानांत दिसलं नाही ते दिसलंच नाही असं समजा.

फंडचे कागद आणि टाईजचे कागद वेगळे ठेवा. बँकेत भरपूर पैसे आहेत म्हणजे परत येणार, असं होत नाही, ते दोन वेगळे प्रश्न आहेत. कॅनडात तर नियमही वेगवेगळे आहेत, पैशांसाठी २२० आणि परत जाण्यासाठी २१६.

तुमच्या फाइलमधली दुखरी जागा तुम्हीच आधी बोला

सख्खी बहीण त्याच देशात पीआर घेऊन राहते. मधे तीन वर्षांचा गॅप आहे. एक मास्टर्स झालंय आणि आता परत डिप्लोमा करताय. वय पस्तीस आहे. नवरा किंवा बायको सोबत येणार आहे. आधी एकदा नकार मिळालाय. यातलं काही असेल तर ते लपत नाही, आणि त्याबद्दल एक शब्दही नसला की वाचणारा स्वतःच्या मनाने गोष्ट पूर्ण करतो, आणि ती तुमच्या बाजूची नसते.

नातेवाईक तिकडे असतील तर फॉर्ममधे खरं भरा, अमेरिकेच्या डीएस-१६० या व्हिसाच्या ऑनलाइन फॉर्ममधे नातेवाईकांबद्दल आणि तुमच्यासाठी कोणी इमिग्रंट पिटिशन (कायमचं तिकडे नेण्यासाठीचा अर्ज) केलंय का याबद्दल सरळ प्रश्न आहेत. लेटरमधे दोन वाक्यं पुरतात: बहीण तिकडे आहे, राहायची सोय तिच्याकडे किंवा हॉस्टेलला, आणि बाकीचं जवळचं कुटुंब इथे आहे.

डिग्रीपेक्षा खालच्या लेव्हलचा कोर्स ही सगळ्यात अवघड केस. इथे स्किल दाखवावी लागते. एमबीए झालेला माणूस एक वर्षाचा सप्लाय चेनचा डिप्लोमा का करतोय? एखादं ठरावीक सॉफ्टवेअर, एखादं सर्टिफिकेशन, प्रमोशनसाठी लागणारी अट, असं ठोस काही असेल तर लिहा. ठोस काहीच नसेल तर मला वाटतं कोर्सच बदलावा, कारण जो कोर्स तुम्ही स्वतःला समजावू शकत नाही तो ऑफिसरला पटणं कठीण.

गॅपचं साधं आहे, महिना-वर्षांसकट काय केलं ते लिहा आणि पुरावा जोडा. परीक्षा दिल्या तर हॉल तिकीट, घरी आजारपण होतं तर कागद, नोकरी होती तर पगाराची स्लिप.

जोडीदार आणि मुलं सोबत नेत असाल तर मागे कोण राहतंय हा प्रश्न येणारच. तेव्हा वजन नोकरी, लायसन्स, धंदा, मागे राहणारे आईवडील यांच्यावर टाका. काही जण आधी एकटे जातात आणि एक सेमिस्टर झाल्यावर कुटुंबाचा अर्ज करतात, हा मार्ग मला जास्त व्यवहारी वाटतो, पण तो घरात बसून ठरवायचा निर्णय आहे, आणि फॉर्ममधे मात्र जे ठरलंय तेच लिहायचं.

आणि खोटे कागद, यावर जास्त बोलत नाही, फक्त परिणाम सांगतो. खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर कॅनडात पाच वर्षं बंदी, ऑस्ट्रेलियात साधारण तीन वर्षं, ब्रिटनमधे दहा वर्षं, आणि अमेरिकेत कायमची अपात्रता. हे देश एकमेकांना माहितीही देतात. एजंटने बनवून दिलं असं सांगून सुटका होत नाही, सही तुमची असते. म्हणून फॉर्म सबमिट व्हायच्या आधी त्याची पूर्ण कॉपी मागा आणि ओळ न ओळ वाचा, एजंट ‘त्याची गरज नाही’ म्हणाला तर एजंट बदला.

लेटर लिहिताना

दीड-दोन पानं बास. क्रम असा ठेवला तर वाचायला सोपं जातं: मी कोण आणि आत्ता काय करतो, हा कोर्स का, हीच संस्था आणि हाच देश का, खर्च कोण करणार, परत येऊन काय करणार, मला परत आणणाऱ्या गोष्टी कुठल्या, दुखऱ्या जागांचं स्पष्टीकरण. प्रत्येक दाव्याच्या पुढे कंसात जोडलेल्या कागदाचा नंबर टाका. ‘लहानपणापासून मला कॉम्प्युटरची आवड होती’ ने सुरुवात करू नका, प्लीज.

चॅटबॉटकडून किंवा नमुन्यावरून लिहून घेतलेलं पत्र वाचलं की कळतं, सगळं गुळगुळीत आणि आत काही नाही. व्याकरण तपासून घ्या, हरकत नाही, पण मजकूर तुमचा हवा, कारण इंटरव्ह्यूत त्याच पत्रातलं विचारलं जातं आणि तिथे स्वतःच लिहिलेलं वाक्य स्वतःला आठवत नसेल तर फार वाईट दिसतं. तारखा, पगार, पत्ते फॉर्ममधले आणि पत्रातले जुळतात का ते दुसऱ्या कोणालातरी वाचायला देऊन तपासा. लिंक्डइनवरही तेच हवं. अमेरिकेच्या फॉर्ममधे गेल्या पाच वर्षांत वापरलेली सोशल मीडियाची खाती विचारतात, आणि जून २०२५ पासून एफ, एम आणि जे (विद्यार्थी आणि एक्स्चेंज) व्हिसावाल्यांना प्रोफाइल पब्लिक ठेवायला सांगितलंय. तिकडे कायमचं सेटल व्हायच्या गप्पा पोस्ट केलेल्या असतील तर इथे कितीही छान लिहा.

इंटरव्ह्यू

अमेरिकेचा इंटरव्ह्यू अनेकदा दोन-तीन मिनिटांतच आटोपतो आणि बऱ्याच वेळा ऑफिसर एकही कागद मागत नाही. म्हणजे तुम्ही जमवलेली सगळी फाइल तुमच्या तोंडून बोलली पाहिजे. कागद सोबत ठेवा, पण मागितल्याशिवाय खिडकीतून सरकवू नका.

‘कोर्सनंतर काय करणार?’ याला पहिल्या वाक्यात उत्तर द्या. पद, क्षेत्र, देश. ‘परत येऊन वॉटर ट्रीटमेंटमधे डिझाइन इंजिनिअर म्हणून काम करणार, सध्याच्या कंपनीत किंवा त्याच क्षेत्रातल्या दुसऱ्या कंपनीत.’ बास, थांबा. पाठ केलेलं भाषण सुरू केलं की मधेच तोडतात आणि मग गडबडायला होतं. ‘ओपीटी करणार का?’ (म्हणजे शिक्षणाशी संबंधित काम स्टुडंट व्हिसावरच तिकडे करायची परवानगी) असं विचारलं तर तो कायदेशीर पर्याय आहे, एक वर्षाचा, काही तांत्रिक विषयांना पुढे आणखी २४ महिने, त्याचं नाव घेतलं म्हणून आभाळ कोसळत नाही. अनुभव घ्यायचा विचार असेल तर तसं सांगा आणि तो अनुभव परत आल्यावर कशाला लागेल हे त्याच श्वासात सांगा. तुमचा सगळा प्लॅन ओपीटीपाशीच संपत असेल तर मात्र अडचण आहे.

घरी कोणाला तरी समोर बसवून सराव करा, पण उत्तरं पाठ करायला नको. एकच प्रश्न तीन वेगवेगळ्या शब्दांत विचारायला सांगा, तीनही वेळा गाभा तोच राहिला म्हणजे तयारी झाली.

नकार आलाच तर

आधी पत्र नीट वाचा. अमेरिकेत २२१(जी) लिहिलेलं असेल तर तो अंतिम नकार समजून रडत बसू नका, कागद कमी आहेत किंवा तपासणी चालू आहे असा त्याचा अर्थ, काय मागितलंय ते द्या. २१४(बी) असेल तर त्यावर अपील नाही, पण परत अर्ज करायला ठरावीक काळ थांबायचंही बंधन नाही, फी मात्र परत भरावी लागते. अडचण अशी की काहीच न बदलता पुढच्याच आठवड्यात गेलात तर निकालही तोच लागायची शक्यता जास्त.

कॅनडात नकाराच्या पत्रात ठोकळेबाज कारणं असतात, खरी माहिती ऑफिसरच्या नोट्समधे असते. जुलै २०२५ पासून स्टडी परमिटच्या नकारासोबत या नोट्स द्यायला सुरुवात झालीय, सोबत आल्या नसतील तर माहितीच्या अधिकाराखाली कॅनडातल्या कोणाच्या तरी मार्फत मागवता येतात. त्या दोन-चार ओळीच असतात पण त्यातून नेमकं कळतं, उदाहरणार्थ कोर्सचा आधीच्या शिक्षणाशी संबंध दिसला नाही. मग प्रश्न कोर्सचा होता आणि आपण जमिनीचे कागद वाढवत बसलो असतो. निर्णय अगदीच अवाजवी वाटत असेल तर फेडरल कोर्टात जाता येतं, देशाबाहेरच्या अर्जदाराला त्यासाठी ६० दिवस मिळतात, पण वकिलाचा खर्च आणि लागणारा वेळ बघता नवा, नीट अर्ज बहुतेकांना परवडतो.

परत अर्ज करताना मागचा नकार फॉर्ममधे दाखवायचा, दुसऱ्या देशाचा असला तरी, कॅनडाचा फॉर्म कुठल्याही देशाने दिलेला नकार विचारतो. लेटरच्या सुरुवातीलाच एक परिच्छेद द्या: अमुक तारखेला नकार, कारण हे, आणि तेव्हापासून हे बदललं. बदल खरा हवा, म्हणजे नवीन नोकरी, प्रमोशन, रजेचं मंजूर पत्र, जास्त जुळणारा कोर्स, किंवा आधी न मांडलेला पण तेव्हाही खरा असलेला पुरावा. आणि जुन्या अर्जाची कॉपी समोर ठेवूनच नवीन भरा, कारण जुना अर्ज त्यांच्या सिस्टिममधे असतो आणि मागच्या वेळी घरचं उत्पन्न एक आणि यंदा दुसरंच असं दिसलं तर त्याचं कारणही त्याच परिच्छेदात लिहावं लागेल.